शोधयंत्राच्या यादीतील माणसाचा हात

शोधयंत्रापुढे आपण एखादा प्रश्न ठेवतो आणि डोळ्याचे पाते लवते न लवते तोच उत्तरांची एक लांबलचक यादी समोर येते. ती आपण वरून वाचावयास लागतो. चार-दोन नावे पाहिली की आपले काम होते, आणि खाली आणखी हजारो नावे आहेत याची आठवणही राहात नाही. म्हणूनच ज्याचे पोट गिऱ्हाइकाच्या नजरेस पडण्यावर अवलंबून आहे, त्याच्या दृष्टीने पहिला क्रम आणि सत्तरावा क्रम यांत भर पेठेतले दुकान आणि गावाबाहेरची वखार इतके अंतर असते. हा क्रम यंत्र लावते अशी आपली समजूत आहे, आणि ती बव्हंशी खरीही आहे. परंतु अधूनमधून यंत्राला बाजूला सारून माणूस स्वतःच्या हाताने एखाद्याला खाली उतरवितो. असे करणे न्याय्य आहे काय, एवढाच प्रश्न आम्हांस येथे विचारात घ्यावयाचा आहे.

प्रथम यंत्राची रीत पाहू. परगावी आजारी पडलो तर चांगला डॉक्टर कोणता म्हणून आपण चार जणांना विचारतो. ज्याचे नाव अधिक लोक घेतात त्याच्याकडे जातो. आणि सांगणारा स्वतः जाणता असेल तर त्याच्या शब्दाला अधिक वजन देतो. स्टॅनफर्ड विद्यापीठातील लॅरी पेज व सर्गेई ब्रिन या दोन विद्यार्थ्यांनी १९९८ साली मांडलेली कल्पना नेमकी हीच होती. एका संकेतस्थळाने दुसऱ्याकडे जाणारा दुवा दिला की ती त्याची शिफारस समजावयाची, आणि शिफारस करणाऱ्याची योग्यता पाहून तिचे वजन ठरवावयाचे. त्याच वर्षी निघालेली गूगल कंपनी या कल्पनेवर उभी राहिली. आज क्रम लावताना इतर पुष्कळ गोष्टी पाहिल्या जातात. पण मूळ हे.

आता शिफारशीला किंमत आली की शिफारशी विकावयास येणारच. अमेरिकेत जे. सी. पेनी नावाचे एक जुने आणि मोठे दुकान आहे. त्याच्याकडे जाणारे हजारो दुवे असंबद्ध संकेतस्थळांवर पेरलेले आहेत असे न्यूयॉर्क टाइम्सने फेब्रुवारी २०११ मध्ये उघडकीस आणले. प्रवासी बॅगांच्या एका प्रसिद्ध जातीचा शोध घेतला तर त्या दिवशी संध्याकाळी सात वाजता हे दुकान पहिले येत होते. नऊ वाजता ते एकाहत्तरावे झाले होते. दोन तासांत एवढी उलथापालथ झाली ती माणसाच्या हाताने.

हा हात योग्य ठिकाणी पडला असे आमचे मत आहे. दुवे पेरून क्रम वाढवू नये हा नियम कंपनीने आधीच जाहीर केलेला होता. आणि ज्या दुकानदारांनी शिफारशी विकत घेतल्या नव्हत्या त्यांच्यावर त्यापूर्वी कित्येक महिने अन्याय चालूच होता. त्यांची दाद यंत्राने घेतली नव्हती. काटा मारलेल्या तराजूला हात लावावयाचा नाही, कारण तराजू हा निःपक्षपाती असतो, असे म्हणणे म्हणजे काटा मारणाऱ्याचीच बाजू घेणे होय.

मग हरकत कशास? हरकत हाताला नाही. तो लपविण्याला आहे. ओक्लाहोमा राज्यातील सर्च किंग या कंपनीचा क्रम २००२ मध्ये एकाएकी घसरला. संकेतस्थळाला गूगलने दिलेले वजन पाहून त्यावरची जाहिरातीची जागा विकावयाची, असा तिचा धंदा होता. तो बुडाल्यावर तिने फिर्याद केली. मे २००३ मध्ये तेथील संघीय न्यायालयाने निकाल दिला की, कोणत्या पानाला किती वजन द्यावयाचे हे गूगलचे मत आहे. ते जाणूनबुजून बदलले असले तरी मतस्वातंत्र्याचे संरक्षण त्याला आहे. फिर्याद निकालात निघाली. पुढच्याच वर्षी, एप्रिल २००४ मध्ये, ज्यूंविषयी शोध घेतला असता ज्यूद्वेष्टे एक स्थळ यादीच्या अग्रभागी येते अशी ओरड झाली. तेव्हा गूगलने ते हाताने काढण्यास नकार दिला. क्रम यंत्र लावते, आमच्या नोकरांच्या आवडीनिवडींचा त्याच्याशी संबंध नाही, अशा आशयाचा खुलासा तिने यादीच्या जोडीला छापला. न्यायालयात जे मत होते ते लोकांत येताच गणित झाले! दोन्ही म्हणणी स्वतंत्रपणे पाहता समजण्यासारखी आहेत. पण मताचे स्वातंत्र्य ज्याला हवे आहे त्याने त्याच वस्तूसाठी यंत्राचा निःपक्षपातीपणा मिरवावा, हे आम्हांस पटत नाही.

येथे कोणी म्हणेल की, मग सर्वच यंत्रावर सोपवावे. त्याने फाउंडेमची हकीकत पाहावी. किमतींची तुलना करून दाखविणारे हे इंग्लंडमधील छोटेसे संकेतस्थळ एका दांपत्याने काढले. जून २००६ मध्ये यंत्राच्या एका नियमाने ते यादीत जवळजवळ दिसेनासे झाले. कोणी माणसाने ते उतरविले नव्हते. म्हणूनच की काय, दाद कोणाकडे मागावयाची हेही कळेना. ती शिक्षा उठली डिसेंबर २००९ मध्ये, म्हणजे साडेतीन वर्षांनी. याच्या उलट गाण्यांचे शब्द व अर्थ देणारे रॅप जीनियस हे गाजलेले स्थळ २०१३ च्या नाताळात हाताने खाली उतरविले गेले, आणि आक्षेपार्ह दुवे काढून दहा दिवसांत यादीत परतले. एकीकडे यंत्र आणि एकीकडे माणूस असला तरी ज्याच्या गाऱ्हाण्याकडे जगाचे लक्ष आहे त्याचे गाऱ्हाणे लवकर ऐकले जाते, हे कोणाच्याही ध्यानात येईल.

शिवाय हात नेहमी बाहेरूनच पडतो असे नाही. तो नियमाच्या पोटातही असू शकतो. युरोपीय आयोगाने जून २०१७ मध्ये गूगलला २.४२ अब्ज युरोंचा दंड केला तो याच कारणासाठी. प्रतिस्पर्ध्यांची तुलनास्थळे ज्या नियमांनी खाली ढकलली जात, ते नियम गूगलच्या स्वतःच्या तुलनासेवेला लावलेलेच नव्हते. हा दंड युरोपीय न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये कायम केला. आपल्या देशातही भारत मॅट्रिमनी चालविणारी कंपनी आणि एक ग्राहकसंस्था यांच्या २०१२ च्या तक्रारींवर स्पर्धा आयोगाने फेब्रुवारी २०१८ मध्ये निर्णय दिला. बातम्या, चित्रे इत्यादींचे काही विशेष निकाल २०१० पर्यंत पहिल्या, चौथ्या किंवा दहाव्या जागीच बसविले जात, असे आयोगास आढळले. पंक्ती मांडण्यापूर्वीच पाट राखून ठेवावेत तसे. यादी योग्यतेनुसार लागली आहे असे समजणाऱ्या वाचकाची त्यात दिशाभूल होती. याही निर्णयात १३५.८६ कोटी रुपयांचा दंड झाला.

कंपनीच्या बाजूचेही सांगितले पाहिजे. जानेवारी २०१२ मध्ये तिच्याच क्रोम ब्राउझरच्या प्रचारात पैसे देऊन लिहविलेला मजकूर सापडला, तेव्हा क्रोमचे पान तिने साठ दिवस खाली ठेवले. ऑगस्ट २०१३ पासून कोणत्या कारणासाठी हाताने कारवाई झाली हे संकेतस्थळाच्या चालकास पाहता येते, आणि चूक दुरुस्त करून फेरविचाराचा अर्जही करता येतो. युरोपात तर क्रम लावताना मुख्यतः कोणत्या गोष्टी पाहिल्या जातात हे शोधयंत्राने जाहीर करावे, असा कायदा जुलै २०२० पासून अमलात आहे.

हे सारे झाले यादीत ज्याचे नाव असते त्याच्यापुरते. जो यादी वाचतो त्याचे काय? लेखनहक्काच्या तक्रारीवरून एखादे पान वगळले तर तशी टीप यादीच्या तळाशी आढळते. परंतु एखाद्याला शिक्षा म्हणून पहिल्या जागेवरून सत्तराव्या जागी नेले, तर वाचणाऱ्यासाठी त्या यादीत कोठेही एक अक्षर लिहिलेले नसते.