मोन्रोव्हियाचा रविवार

कुणाची मुलगी किंवा सून "परदेशी मिशनवर गेली" असे कळले की वस्तीत दोन तऱ्हेची बोलणी सुरू होतात. एक म्हणतो, "डॉलर घेऊन येईल आता!" दुसरी म्हणते, "लेकरं टाकून गेली गं बाई!" त्या बाईचा दिवस तिथे कसा उगवतो आणि कसा मावळतो, हे मात्र दोघांनाही ठाऊक नसते. म्हणून आज आम्ही आमच्या भगिनींपुढे एका मिशनची हकिगत ठेवत आहोत.

पश्चिम आफ्रिकेत लायबेरिया नावाचा छोटा देश आहे. १९८९ ते २००३ या काळातील यादवी युद्धांनी तो पार उद्ध्वस्त झाला. शांतता राखण्यासाठी संयुक्त राष्ट्रांची फौज तिथे गेली आणि जानेवारी २००७ मध्ये आपल्या केंद्रीय राखीव पोलीस दलाच्या शंभराहून अधिक महिला राजधानी मोन्रोव्हियात उतरल्या. संयुक्त राष्ट्रांच्या मोहिमेतील महिलांचे असे पोलीस पथक जगात पहिलेच! सीमा धुंडिया त्यांच्या प्रमुख होत्या. पुढे दरवर्षी नवी तुकडी जाई, जुनी परते. फेब्रुवारी २०१६ पर्यंत हा क्रम चालला.

यातल्या कितीतरी जणी लेकुरवाळ्या होत्या. मुले आजीकडे, नवऱ्याकडे ठेवून त्या गेल्या होत्या. तिथे त्यांचे काम होते ते सशस्त्र पोलिसांचे. राष्ट्राध्यक्षांच्या निवासस्थानाला २००६ साली आग लागल्यामुळे एलेन जॉन्सन सरलीफ यांचे कार्यालय परराष्ट्र खात्याच्या इमारतीत हलवले होते. त्या दारावर आपल्या मुलींचा रात्रंदिवस पहारा. डोक्यावर निळे शिरस्त्राण, अंगात जड जाकीट, हातात बंदूक. शिवाय दंगलीला तयार राहायचे आणि रात्री स्थानिक पोलिसांबरोबर गस्त घालायची, कारण त्यांच्यातल्या बहुतेकांकडे शस्त्रच नव्हते. मे ते ऑक्टोबर नुसता पाऊस. मुंबईच्या पावसाला नावे ठेवणाऱ्यांनी तो एकदा पाहावा! एक गंमत अशी की पथकाबरोबर वीसेक पुरुषही होते आणि स्वयंपाक, गाड्या चालवणे ही कामे त्यांच्याकडे होती. म्हणजे बाई पहाऱ्यावर आणि बुवा चुलीपाशी. यात आकाश काही कोसळले नाही.

परदेशी वर्तमानपत्रांनी त्यांचे कौतुक केले, पण ते कौतुक बहुतेक "बायका मायाळू असतात, म्हणून लोकांना आवडतात" अशा थाटाचे. आम्हाला ते रुचत नाही. दलाची पहिली महिला बटालियन १९८६ साली उभी राहिली आणि जमावापुढे कसे उभे राहायचे हे या मुली वर्षानुवर्षे शिकत आल्या होत्या. ते कसब होते, नुसती माया नव्हे. त्यांना रस्त्यावर पाहून तिथल्या तरुण मुली पोलीस भरतीसाठी पुढे आल्या, त्या गणवेश आणि बंदूक पाहून.

आता घरचा फोन. लायबेरियाचे घड्याळ आपल्या साडेपाच तास मागे. मूल सकाळी सातला शाळेत निघाले की तिथे रात्रीचा दीड वाजलेला. आई एक तर गस्तीवर नाही तर झोपेत. ती सकाळी सहाला पहाऱ्यावरून मोकळी झाली की इथे साडेअकरा, मूल वर्गात. इथे रात्रीचे नऊ म्हणजे तिथे दुपारचे साडेतीन. तेवढ्यात तिची पाळी नसेल तर बोलणे व्हायचे. शाळेला सुट्टी म्हणून रविवारचेच काय ते जमायचे. तेव्हा रविवारी आजीने मुलाला बाजारात न नेता फोनजवळ बसवणे, हीसुद्धा त्या मिशनमधली ड्यूटीच म्हणायची.

फिरायला जाणे? जाता येई, पण मर्जीप्रमाणे नाही. मिशनमध्ये बाहेर पडायचे ते परवानगी घेऊन, चौघींच्या सोबतीने, वेळेत परतण्याच्या बोलीवर. कोणत्या ठिकाणी पाऊल टाकायचे नाही याची यादीच असते. संयुक्त राष्ट्रांचा हातखर्चाचा दर होता माणशी दिवसाला १ डॉलर २८ सेंट, म्हणजे तेव्हाचे पन्नास-पंचावन्न रुपये. सुट्टीच्या मोजक्या दिवसांसाठी रोज साडेदहा डॉलर. सरकारचा पगार आणि भत्ता वेगळा, पण हातखर्चात चैन होत नाही. वॉटरसाइडच्या बाजारात लापा मिळतो. तो रंगीत छापाचा कापडाचा तुकडा तिथल्या बायका कमरेला गुंडाळतात आणि त्यानेच मूल पाठीला बांधतात. समुद्र शहराला लागूनच आहे, मात्र ओढ इतकी की पाण्यात उतरणे धोक्याचे.

आम्हाला विचाराल तर मोन्रोव्हियात पाहण्याजोगी जागा एकच, प्रॉव्हिडन्स बेट. अमेरिकेतून मुक्त झालेले काळे लोक १८२२ साली याच बेटावर उतरले आणि १८४७ साली त्यांनी प्रजासत्ताक उभारले. गुलामीतून सुटलेल्यांचा देश! पण पुढचे ऐका. याच मंडळींनी सत्ता आपल्या घरात ठेवली, तिथल्या मूळ रहिवाशांना हलके लेखले. त्यांना मतदानाचा हक्क मिळायला जवळजवळ शंभर वर्षे लागली. हा इतिहास आपल्या घरांत वाचला गेला पाहिजे.

सुट्टी म्हणजे नुसते भटकणे नव्हते. पथकाने जवळची एक शाळा दत्तक घेतली होती. स्थानिक मुली-बायकांना स्वसंरक्षण, संगणक आणि आपले नाचही शिकवले. २०१४ मध्ये इबोलाची साथ आली आणि लायबेरियात ४,८०० हून अधिक माणसे गेली. तिथे हस्तांदोलन करताना शेवटी दोघांनी बोटांची चुटकी वाजवायची रीत आहे. ती रीत बंद पडली, कुणी कुणाला हात लावीना. पहारा मात्र चालूच होता.

लायबेरियाचे मिशन मार्च २०१८ मध्ये संपले. जानेवारी २०२३ मध्ये भारतीय लष्कराची महिला तुकडी सुदान आणि दक्षिण सुदानमधील वादग्रस्त अब्येई भागात गेली. उद्या तुमच्या घरात अशी ऑर्डर आली तर "जाऊ द्यायचे की नाही" यावर आठवडा घालवण्याआधी रेशन कोण आणणार, मूल तापले तर दवाखान्यात कोण नेणार, शाळेच्या कागदावर सही कोणाची, हे बसून ठरवा. फोनची वेळही ठरवा. अब्येई आपल्या साडेतीन तासच मागे आहे. रात्री नऊला फोन लावला तर तिथे संध्याकाळचे साडेपाच झालेले असतात.