वसमतची हळद आणि दुखरा गुडघा

हिंगोली जिल्ह्यातल्या वसमतच्या हळदीला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. मुका मार लागला की हळदीचा लेप लावायचा, ही घराघरातली जुनी रीत. पण वर्षानुवर्षं ठणकणाऱ्या गुडघ्याचं काय?

ऑस्ट्रेलियातल्या टास्मानिया विद्यापीठातले संशोधक बेनी अँटनी आणि सहकाऱ्यांनी हेच तपासलं. गुडघ्याची झीज आणि सूज असलेले 70 रुग्ण घेतले. चिठ्ठ्या टाकाव्यात तशी वाटणी झाली: काहींना हळदीच्या अर्काच्या कॅप्सूल, काहींना तशाच दिसणाऱ्या पण औषध नसलेल्या. कोणाला काय मिळालं, हे रुग्णालाही ठाऊक नव्हतं आणि तपासणाऱ्यालाही. हे झाकून ठेवावंच लागतं, कारण औषध घेतल्याच्या नुसत्या विश्वासानेही दुखणं हलकं वाटतं.

12 आठवड्यांनी अर्क घेणाऱ्यांचं दुखणं दुसऱ्या गटापेक्षा अधिक उतरलं होतं. एमआरआयमध्ये मात्र सांध्यात साचलेलं पाणी कमी झालेलं दिसलं नाही. 2020 मध्ये प्रसिद्ध झालेला हा निष्कर्ष आशा वाढवणारा आहे, पण चाचणी लहान होती.

शिवाय अर्क म्हणजे फोडणीतली हळद नव्हे. हळदीतला मुख्य घटक करक्युमिन, आणि तो वाळलेल्या हळदीत जेमतेम 3 ते 5 टक्के असतो. हळदीच्या कॅप्सूलमुळे यकृताला इजा झाल्याच्याही नोंदी आहेत. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय या कॅप्सूल घेऊ नका.