गंजलेल्या क्रोमवर रंग: घासायचं कुठवर?

पावसाळा संपला की गॅरेजमध्ये एक सल्ला हमखास ऐकू येतो: “क्रोम गंजलंय ना? थोडा पॉलिश पेपर मारा, वर काळा स्प्रे मारा, झालं काम.” दिवाळीत मडगार्ड झकास दिसतं. पुढच्या पावसात रंगाला फोड येतात, नखाने सालपटं निघतात आणि खापर रंगावर फुटतं. रंगाचा काही दोष नसतो. चूक त्या सल्ल्यात असते आणि तो इतक्या खात्रीने दिला जातो की ऐकून वैताग येतो.

मुळात क्रोम गंजत नाही. गंजतं ते त्याच्या खालचं पोलाद. पोलादावर आधी निकेलचा थर चढवतात आणि त्यावर क्रोमचा. हे क्रोम किती पातळ असतं ते पाहा: आयएसओ १४५६ या मानकात नेहमीच्या क्रोमची किमान जाडी ०.३ मायक्रॉन आहे, तर निकेलची साधारण १० ते ४० मायक्रॉन. म्हणजे पोलाद राखण्याचं काम मुख्यतः निकेल करतं. क्रोम चमक आणि कठीणपणा देतं.

निकेलला बारीक छिद्र पडलं की पाणी पोलादापर्यंत पोचतं. जस्ताचा थर स्वतः झिजून लोखंड वाचवतो. निकेलचं नेमकं उलटं. ते पोलादापेक्षा कमी क्रियाशील, त्यामुळे ओल लागली की झिजतं ते पोलादच, आणि तेही छिद्रापाशी जोरात. वर टाचणीच्या टोकाएवढा तपकिरी ठिपका दिसतो, पण आत मुलाम्याखाली गंज आडवा पसरलेला असतो. गंजाचं आकारमान मूळ लोखंडाच्या कितीतरी पट, म्हणून तो मुलामा वर उचलतो. ठिपका पुसून रंग मारला तर हे काम रंगाखाली चालूच राहतं.

दुसरी अडचण शाबूत क्रोमची. त्यावर हवेतच ऑक्साइडचा एक घट्ट पापुद्रा तयार होतो आणि पृष्ठभाग आरशासारखा गुळगुळीत असतो. रंगाला पकड मिळणार कुठे?

म्हणून क्रम महत्त्वाचा. आधी सुटा भाग थिनर किंवा डीग्रीझरने पुसायचा. पॉलिशचं मेण आणि तेल अंगावर असताना घासलं तर ते खाचांत भरतं. मग ८० ते १२० नंबरच्या पेपरने फुगलेला, सुटलेला सगळा मुलामा काढायचा. कडा उचलली जायची थांबेपर्यंत आणि उघडं पोलाद चकाकेपर्यंत थांबायचं नाही. घट्ट बसलेलं क्रोम ठेवायचं असेल, तर त्याची चमक पूर्ण मरेपर्यंत १८० ते ३२० नंबरने घासायचं आणि कडेची पायरी बोटाला लागेनाशी करायची. भाग फार गंजला असेल तर सँडब्लास्टिंग करून घेतलेलं बरं. पुन्हा पुसायचं, नीट वाळवायचं आणि त्याच दिवशी दोन घटकांचा इपॉक्सी प्राइमर मारायचा. कोकणच्या दमट हवेत उघडं पोलाद काही तासांत पुन्हा लालसर होतं. रंग त्यानंतर.

आता बाकीचे गैरसमज.

‘रस्ट कन्व्हर्टर गंजाचं पुन्हा लोखंड करतो.’ नाही. तो गंजाचं फॉस्फेट किंवा टॅनेट करतो. सुटा गंज आधी काढावाच लागतो.

‘बाथरूमच्या अ‍ॅसिडने धुतलं की मिटलं.’ ते क्रोमही खातं, खाचांत उरलेलं क्लोराइड गंज पुन्हा सुरू करतं आणि उच्च ताकदीचं पोलाद ठिसूळ होण्याचा धोका असतो.

‘खड्डे पुट्टीने भरले की पुरे.’ पुट्टी ओल शोषते. ती गंजावर नाही, प्राइमरवर लावायची.

‘प्राइमर मारून ठेवला तरी चालतं.’ बरेच प्राइमर पाणी झिरपू देतात. वरचा रंग हवाच.

‘सायलेन्सरलाही तोच रंग चालतो.’ साधा रंग जळतो. तिथे सिलिकोनचा उष्णतारोधक रंग लागतो, आणि तो तापवूनच पक्का होतो.

‘पुढच्या शॉकअपच्या नळ्याही रंगवता येतात.’ ऑइल सील जिथे सरकतं तिथे कधीच नाही. तिथे जाड हार्ड क्रोम असतं; ते नव्यानेच चढवून घ्यावं लागतं.

‘क्रोमची धूळ म्हणजे कर्करोग.’ आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने पहिल्या गटात ठेवली आहेत ती षट्‌संयुजी क्रोमियमची संयुगं, जी मुलाम्याच्या टाकीत असतात. धातुरूप क्रोमियम तिसऱ्या गटात आहे. पण धातुरूप निकेल ‘२ ब’ गटात आहे, म्हणून घासताना पाणी वापरा आणि धुळीचा मास्क लावा. पीयू (पॉलियुरेथेन) रंगाच्या हार्डनरमधल्या आयसोसायनेटने दमा जडू शकतो. स्प्रे करताना तोंडाला बांधलेला रुमाल काहीच अडवत नाही.

म्हैसूरला १९९६पर्यंत बनलेल्या येझ्दीसारख्या गाड्यांचे मूळ भाग आता सहज मिळत नाहीत, आणि प्रत्येक चुकीच्या रंगकामाखाली त्यांचा पत्रा आणखी पातळ होतो. म्हणून पेंटरला एकच अट घाला: प्राइमर मारण्याआधी भाग मला दाखवायचा. त्यावर कुठेही क्रोमची आरशासारखी चमक किंवा तपकिरी ठिपका दिसला, तर तो पुन्हा घासायला द्या.