बोत, बोंबील आणि डब्यातलं कोलॅजेन

पावसाळा सरला की उत्तन, पाली, चौकच्या किनाऱ्यावर बांबूच्या वलांडी पुन्हा उभ्या राहतात. त्यांवर बोंबील जोडीजोडीने, जबड्यात जबडा अडकवून टांगले जातात. ताज्या बोंबलात दहातले जवळजवळ नऊ भाग पाणीच असतं. ऊनवाऱ्यात ते उडून गेलं की मागे उरतात मुख्यतः प्रथिनं, आणि त्यांतलंच एक म्हणजे कोलॅजेन. औषधांच्या दुकानात ‘मरीन कोलॅजेन’ असं लिहिलेला, दीड-दोन हजारांचा डबा दिसतो, त्यातला मालही माशांच्या कातडी-खवल्यांतूनच काढलेला असतो.

याच समुद्रात कोलॅजेनचा आणखी महाग साठा पोहत असतो, तो म्हणजे घोळ ही मासळी. तिला पाण्यात तरंगतं ठेवणारी हवेची पिशवी म्हणजे बोत. वाळवलेलं बोत हे बहुतांशी कोलॅजेनच. चीन, हाँगकाँगकडे त्याला औषधी मानतात. युरोपात माशांच्या अशाच पिशव्यांपासून केलेला पदार्थ बिअर आणि वाइन नितळ करायला वापरत आले आहेत. ऑगस्ट २०२१ मध्ये पालघरजवळच्या मुरबे गावातल्या एका बोटीला १५७ घोळी मिळाल्या आणि त्यांचे सुमारे १ कोटी ३३ लाख रुपये आले, तेव्हा राज्यभर बातमी झाली. ती किंमत मांसापेक्षा बोताची होती.

माणसाच्या शरीरातल्या एकूण प्रथिनांपैकी पंचवीस ते तीस टक्के कोलॅजेन असतं. कातडी, हाडं, कूर्चा, स्नायूंना हाडाशी बांधणाऱ्या दोऱ्या, रक्तवाहिन्यांच्या भिंती या सगळ्यांना ताण सोसायचं बळ तेच देतं. त्याचे अठ्ठावीस प्रकार आजवर ओळखले गेले आहेत. त्याची रचना उलगडण्यात एका भारतीयाचं नाव अग्रभागी आहे. मद्रास विद्यापीठातले गो. ना. रामचंद्रन यांनी गोपीनाथ कर्ता यांच्यासह १९५४ साली दाखवलं, की कोलॅजेनचा रेणू तीन साखळ्यांच्या पिळाचा असतो. तीन पदरी दोरखंड वळावा तसा तो पीळ. त्यात दर तिसरी जागा ग्लायसीन या सर्वांत लहान अमिनो आम्लाचीच असते, कारण पिळाच्या आत दुसरं काही मावतच नाही.

हा पीळ घट्ट राहायला क जीवनसत्त्व लागतं. ते नसेल तर शरीर कच्चा, ढिला दोर वळतं. हिरड्यांतून रक्त येतं, जुन्या जखमा उकलतात. हाच स्कर्व्ही. १४९८ च्या उत्तरार्धात वास्को द गामाची जहाजं भारतातून परतताना अरबी समुद्रात महिनोन्‌महिने रखडली आणि त्यांवरचे कितीतरी खलाशी याच रोगाने गेले. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शिफारशीप्रमाणे पुरुषाला दिवसाला ८० आणि स्त्रीला ६५ मिलिग्रॅम क जीवनसत्त्व पुरतं. एका मध्यम पेरूत ते सहज मिळतं, आणि दिवाळीनंतर बाजारात आवळे येतातच.

वय वाढतं तसं कातडीतलं कोलॅजेन दरवर्षी साधारण एक टक्क्याने घटतं. रजोनिवृत्तीनंतरच्या पहिल्या पाच वर्षांत ही घट तीस टक्क्यांपर्यंत जाऊ शकते. उन्हातले अतिनील किरण कोलॅजेन तोडणारी विकरं जागी करतात. वलांडीवर दिवसभर उभ्या असलेल्या बायकांच्या चेहऱ्यावर लवकर सुरकुत्या पडतात त्या यामुळे. डोक्यावरून घेतलेला पदर किंवा रुंद काठाची टोपी त्यांच्यासाठी कुठल्याही पावडरीहून मोलाची आहे. विडी-सिगारेटनेही कोलॅजेन झिजतं. रक्तातली जादा साखर त्याच्या तंतूंना चिकटून त्यांना ताठर करते. मधुमेहींचा खांदा आखडण्यामागे हे एक कारण मानतात.

आता डब्याकडे वळू. कातडी किंवा खवले उकळले की पीळ सुटतो आणि जिलेटिन तयार होतं. पायाचं सूप गार झाल्यावर थिजतं ते त्यामुळेच. जिलेटिनचे विकरांनी आणखी लहान तुकडे केले की डब्यातली पावडर तयार होते. पोटात गेल्यावर ती बरीचशी मोडून अमिनो आम्लं होतात. काही दोन-तीन कड्यांचे तुकडे रक्तात पोचतात, हे मोजून पाहिलेलं आहे. पण ते तुमच्या गालाकडेच जातील, असा हुकूम कोणी त्यांना देऊ शकत नाही. शिवाय कोलॅजेनमध्ये ट्रिप्टोफॅन हे गरजेचं अमिनो आम्ल नसतं, म्हणून डाळ, अंडी, मासे यांची जागा ते घेऊ शकत नाही.

बऱ्याच चाचण्यांत कातडीचा ओलावा आणि लवचीकपणा थोडा वाढलेला दिसला. परंतु २०२५ मध्ये २३ चाचण्या एकत्र तपासल्या गेल्या, तेव्हा औषध कंपन्यांचा पैसा नसलेल्या चाचण्यांत असा परिणाम आढळला नाही. माझ्या दृष्टीने हाच मुद्दा निर्णायक आहे. गुडघ्याच्या बाबतीत तर जाहिराती फारच पुढे जातात. कातडीतलं निम्मं कोलॅजेन बदलायला सुमारे पंधरा वर्षं लागतात. सांध्याच्या कूर्चेतल्या कोलॅजेनला शंभराहून अधिक. काही रुग्णांना पावडरीने वेदना थोडी कमी वाटते, असं अभ्यास सांगतात. मात्र झिजलेली कूर्चा सहा महिन्यांत भरून येते, हे म्हणणं खरं नाही.

कोचीच्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेने माशांच्या टाकाऊ खवल्यांपासून कोलॅजेन पेप्टाइड, म्हणजे डब्यातल्यासारखी पावडर, काढण्याचं तंत्र विकसित केलं आहे. आपल्या किनाऱ्यावर खवले, कातडी, डोकी रोज फेकली जातात. त्या कचऱ्याला मोल मिळणार असेल, तर त्यातला वाटा मासळी सोलणाऱ्या बायकांच्या हातात पडला पाहिजे, हे मला मनापासून वाटतं.

डबा घ्यायचाच असेल तर आधी लेबल वाचा. माशांची ॲलर्जी असलेल्यांनी ‘मरीन’ टाळावं. मूत्रपिंडाचा आजार असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय असली प्रथिनं घेऊ नका. आपल्या देशात अशा पूरक आहाराच्या वेष्टनावर ‘औषधी वापरासाठी नाही’ असं छापणं कायद्याने बंधनकारक आहे. ती ओळ बारीक अक्षरात असते; चष्मा लावून वाचा, आणि गुडघा दुखत असेल तर दुकानात जाण्याआधी अस्थिरोगतज्ज्ञाकडे जा.