अनवाणी पाय आणि बूट

चेंडू कुणाला माहीत नाही? गावातली पोरे चिंध्यांचा चेंडू करतात आणि पायाने लाथाडीत गल्लीभर फिरतात. याच खेळाला नियम घातले, की झाला फुटबॉल. दोन्ही बाजूंना अकरा-अकरा गडी. चेंडूला हात लावायचा नाही. ती मुभा फक्त गोल राखणाऱ्याला. पायाने नाही तर डोक्याने चेंडू पुढे न्यायचा आणि समोरच्यांच्या दोन खांबांमधून आत घालायचा. आत गेला की एक गोल. ज्यांचे गोल जास्त, ते जिंकले.

खेळ साधा आहे. पण त्यात कधी कधी असे काही घडते, की लोक ते शंभर वर्षे विसरत नाहीत. तशा काही गोष्टी आम्ही इथे सांगतो.

कलकत्त्याचा सामना

साल १९११. तेव्हा आपल्यावर इंग्रजांचे राज्य होते. १९०५ साली त्यांनी बंगालचे दोन तुकडे केले होते. त्यामुळे बंगाली माणूस मनातून चिडलेला होता.

कलकत्त्याला आय. एफ. ए. शील्ड नावाची मोठी स्पर्धा होत असे. शील्ड म्हणजे ढाल. तोवर एकाही हिंदी संघाला ती ढाल मिळाली नव्हती. दरसाल गोरेच ती नेत.

२९ जुलैला शेवटचा सामना होता. एकीकडे ईस्ट यॉर्कशायर या गोऱ्या पलटणीचा संघ. दुसरीकडे मोहन बागान हा बंगाली संघ. पलटणीच्या गड्यांच्या पायांत जाड बूट. आणि मोहन बागानचे दहा गडी चक्क अनवाणी! एकट्या सुधीर चटर्जींच्या पायांत बूट होते.

तुम्ही म्हणाल, बाकीच्यांनी का नाही घातले? लहानपणापासून त्यांना अनवाणीच खेळायची सवय. उघड्या पायाला चेंडू चांगला कळतो. पण बुटाची लाथ उघड्या नडगीवर बसली तर? ज्याच्या पायावर बैलाने खूर दिला आहे, त्याला ते सांगायला नको!

सामन्याला हजारो माणसे लोटली. कित्येकांना मैदान दिसतही नव्हते. मग पतंग उडवून लांबच्या लोकांना गोल कळवले गेले. पहिला गोल पलटणीने केला. लोक गप्प झाले. पण मोहन बागानचा कप्तान शिवदास भादुरी खचला नाही. त्याने गोल फेडला. खेळ संपत आला, तेव्हा अभिलाष घोषने दुसरा गोल केला. दोनास एक! ढाल प्रथमच हिंदी संघाच्या हाती आली. राज्य गोऱ्यांचेच राहिले. पण गोऱ्यांना हरवता येते, हे लोकांनी डोळ्यांनी पाहिले.

पुढे काय झाले?

१९४८ साली स्वतंत्र भारताचा संघ लंडनच्या ऑलिंपिकला गेला. बहुतेक गडी अनवाणीच होते. फ्रान्सशी त्यांनी एकास एक अशी बरोबरी साधली होती. अगदी शेवटी फ्रान्सने गोल केला आणि आपण दोनास एक असे हरलो. तरी लोकांनी आपल्या गड्यांचे कौतुक केले.

१९५२ साली मात्र डोळे उघडले. स्पर्धा फिनलंडमध्ये हेलसिंकीला होती. तो थंडीचा मुलूख. तेथे युगोस्लाव्हियाने आपल्याला दहास एक असे हरवले. कोरड्या जमिनीवर उघडा पाय चालतो. पण ओल्या गवतावर तो घसरतो आणि गारठ्यात बधिर होतो. बुटाच्या तळाला लहान लहान उंचवटे असतात. ते जमिनीत रुततात, म्हणून पाय घट्ट राहतो. त्या हारीनंतर आपल्याकडे बूट घालणे सक्तीचे झाले.

पायाची सवय मोडणे सोपे नसते. पण आपल्या गड्यांनी ती मोडली. चारच वर्षांनी, १९५६ साली, ऑस्ट्रेलियात मेलबर्नला ऑलिंपिक झाले. तेथे आपण ऑस्ट्रेलियालाच त्यांच्या घरी चारास दोन असे हरवले. त्यांतले तीन गोल एकट्या नेव्हिल डिसोझाचे! हा मूळचा गोव्याचा, मुंबईत खेळणारा गडी. त्या वर्षी भारताचा चौथा नंबर आला. ऑलिंपिकच्या फुटबॉलमध्ये तोवर आशियातला एकही देश इतका वर गेला नव्हता.

१९११ चे गडी अनवाणी होते, म्हणून आपण त्यांना मान देतो. १९५६ च्या गड्यांनी बूट घातले, म्हणून त्यांचा मान कमी होत नाही. हिंमत दोघांपाशी होती. दुसऱ्यांनी तिला नव्या शिकण्याची जोड दिली, इतकेच.