नोकरीत ‘अनफिट’ ठरवलं? राजीनाम्यावर सही करण्याआधी हे वाचा

वराळे (ता. मावळ) : वराळे, आंबी, नवलाख उंबरे या पट्ट्यातले अनेक जण तळेगाव-चाकणच्या कंपन्यांत कामाला आहेत. कुणी एसटीत, कुणी जिल्हा परिषदेत. अशा माणसाचा अपघातात पाय गेला, नजर अधू झाली किंवा कंपवात जडला, की ‘अनफिट’ असा शेरा बसतो. घाबरून माणूस राजीनामा देतो आणि हक्क तिथंच सुटतो.

कायद्यात ‘आजारपण’ आणि ‘दिव्यांगत्व’ यांच्या वाटा वेगळ्या आहेत. सततच्या आजारपणामुळे कामगाराला काढलं, तर २०२५ पर्यंत लागू असलेला जुना कामगार कायदा त्याला कामगार कपात मानत नव्हता. म्हणजे कपातीची भरपाईही नव्हती. तोच त्रास दिव्यांगत्वात बसला, तर २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा लागू होतो.

कोणता त्रास बसतो?

या कायद्याच्या यादीत २१ प्रकार आहेत. अंधत्व, अल्पदृष्टी, कर्णबधिरता, अस्थिव्यंग, मानसिक आजार, कंपवात, सिकलसेल, थॅलेसेमिया, हिमोफिलिया ही त्यातली काही नावं. मधुमेह, रक्तदाब यादीत नाहीत. पण साखरेमुळे पाय कापावा लागला, तर ते अस्थिव्यंग; नजर गेली, तर अल्पदृष्टी किंवा अंधत्व. रोगाच्या नावापेक्षा शरीराचं कोणतं काम दीर्घकाळ अडलं, हे दाखवणं महत्त्वाचं.

४० टक्के नसतील तर?

सरकारी नोकरीतल्या ४ टक्के आरक्षणासाठी किमान ४० टक्के दिव्यांगत्व लागतं. मात्र कायद्याचा प्रत्येक हक्क ४० टक्क्यांना बांधलेला नाही. लिहिताना हात आखडणाऱ्या उमेदवाराला लेखनिक मिळावा, यासाठीच्या विकास कुमार खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये हे स्पष्ट केलं.

पुरावा कसा जमवायचा?

स्वावलंबन पोर्टलवर युडीआयडी कार्डासाठी अर्ज करावा. आधार, फोटो आणि उपचारांचे कागद लागतात. तपासणी औंधच्या जिल्हा रुग्णालयासारख्या अधिकृत सरकारी रुग्णालयात होते. खासगी डॉक्टरांची चिठ्ठी आधार म्हणून चालते, पण ती प्रमाणपत्राची जागा घेत नाही. त्रास कमी-जास्त होणारा असेल, तर ठरावीक मुदतीचं प्रमाणपत्र मिळतं. मुदत संपण्याआधी फेरतपासणी करून घ्यावी. निर्णय पटला नाही, तर अपील करता येतं.

ईएसआयच्या वैद्यकीय मंडळाचे टक्के वेगळे. कमाईची क्षमता किती गेली, ते त्यात मोजतात. तो कागद असला, तरी युडीआयडी स्वतंत्र काढावं.

सरकारी आणि खासगीत फरक

सरकारी खातं, जिल्हा परिषद किंवा एसटीसारख्या महामंडळातल्या कर्मचाऱ्याला सेवेत असताना दिव्यांगत्व आलं, तर कलम २० नुसार त्याला काढता येत नाही, खालच्या पदावरही ढकलता येत नाही. जुनं काम जमत नसेल, तर त्याच वेतनश्रेणीत दुसरं काम द्यावं लागतं. तेही नसेल, तर जादा पद तयार करून त्यावर ठेवावं लागतं. रंगांधळेपणामुळे काढलेल्या तेलंगणातल्या एसटी चालकाला दुसरं काम द्या, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये दिला. रंगांधळेपणा तर २१ च्या यादीतही नाही.

खासगी कंपनीवर पद राखण्याची अशी थेट सक्ती नाही. पण भेदभावाला तिथंही बंदी आहे, आणि वाजवी सोय नाकारणं हाही भेदभावच. प्रत्येक आस्थापनेला समान संधी धोरण जाहीर करावं लागतं. २० किंवा जास्त कर्मचारी असतील, तर त्यात संपर्क अधिकारी नेमण्याची तरतूद लागते.

काय करायचं?

हलकं किंवा बसून करायचं काम, वेगळी पाळी, जे हवं ते लेखी मागावं. सोबत प्रमाणपत्राची प्रत जोडावी आणि अर्जाची पोच घ्यावी. तोंडी बोलणं पुढे सिद्ध करता येत नाही. दाद लागली नाही, तर पुण्यातल्या दिव्यांग कल्याण आयुक्तांकडे तक्रार करता येते. वकिलाचा खर्च झेपत नसेल, तर तालुका विधी सेवा समितीकडे चौकशी करावी. दिव्यांगांना मोफत कायदेशीर मदतीचा हक्क आहे.