गारगोटी, हत्यार की अंडं?

महाराष्ट्राचा बराचसा भाग ज्या काळ्या पाषाणावर वसला आहे, तो सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थिजून तयार झाला. त्यामुळे दगड हाती आला की तो कुठल्या खडकातला, हे आधी पाहावे लागते. या काळ्या पाषाणाच्या, म्हणजे बेसॉल्टच्या, पोटात जीवाश्म मिळत नाहीत. दोन लाव्हाप्रवाहांमधल्या गाळाच्या थरांत मात्र गोगलगायींचे शंख आणि झाडांचे अवशेष सापडतात.

घाटरस्त्याच्या कापात दिसणारे गोल गोटे अनेकांना डायनासोरची अंडी वाटतात. बेसॉल्ट झिजताना कांद्यासारखे पापुद्रे सुटत जातात आणि मधला टणक भाग गोल उरतो, इतकेच. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पिसदुऱ्याला डायनासोरची हाडे आणि अश्मीभूत विष्ठा मिळाली, ती लाव्ह्यात नव्हे तर लॅमेटा नावाच्या गाळाच्या थरांत. दगडाच्या भेगेत उमटलेली काळी, नेच्यासारखी नक्षीही वनस्पतीची नसते. पाण्याबरोबर झिरपलेल्या मँगनीजचे ते फाटे. त्यांना पानासारखी शीर नसते की देठ नसतो.

हत्यारांची गंमत वेगळी. चकमकीचा अस्सल दगड इथे नाही. ती उणीव बेसॉल्टच्या पोकळ्यांत साठलेल्या कॅल्सिडोनी, अकीक आणि जास्परने भरून काढली. घोड नदीकाठच्या इनामगावच्या ताम्रपाषाणयुगीन लोकांची पाती कॅल्सिडोनीची होती. असा दगड नेमक्या जागी ठोकला की छिलका सुटतो. घाव बसलेल्या टोकाजवळ छिलक्याच्या आतल्या बाजूला फुगीर उंचवटा येतो आणि तिथून तळ्यात खडा टाकल्यासारख्या वर्तुळाकार लाटा पसरतात. मूळ दगडावर तितकाच खळगा राहतो. उन्हाने तडकलेल्या गारेला असा उंचवटा नसतो.

तरीही एका उंचवट्यावरून निकाल देता येत नाही, कारण खडी क्रशरखालच्या दगडालाही तो येतो. पुरात गोटे एकमेकांवर आपटूनही कपचे उडतात, पण ते कसेही, कुठूनही उडतात. माणसाच्या हातचे घाव एका कडेने ओळीत, एकमेकांना खेटून असतात. हातकुऱ्हाडीच्या तर दोन्ही अंगांना छिलके काढून धार साधलेली दिसते. प्रवरेकाठी नेवासे परिसरात अशी हत्यारे मिळाली आहेत. शेवटी रंग पाहायचा. जुन्या घावावर बाकीच्या दगडासारखीच झीज आणि पुटे चढलेली असतात. नांगराच्या फाळाने उडालेला ताजा टवका आतून वेगळ्या रंगाचा आणि कडेला धारदार दिसतो. एकाच दगडावर दोन्ही असू शकतात, हजारो वर्षांपूर्वीचा घाव आणि गेल्या हंगामातला.